सजलेले पात्र आणि राहिलेला खेळ

गेल्या उत्सवाच्या वेळी आम्ही देवळाच्या अग्रशाळेत उतरलो होतो. महाप्रसाद आटोपल्यावर आमच्या ओळखीचा एक तरुण आपला लॅपटॉप घेऊन आमच्यापाशी येऊन बसला. नोकरीतून उरलेल्या वेळात, केवळ हौसेने, तो संगणकावरील एक खेळ रचीत आहे हे आमच्या कानी आले होते, आणि त्याचे काम पाहण्याची उत्सुकता आम्हांसही होती. त्याने चित्रांमागून चित्रे दाखविली. खेळातील नायिका, तिचे पाच पोशाख, तिच्या हर्ष-क्रोध-विषादाच्या मुद्रा. मग तिचा गुरू, तिचा वैरी, वैऱ्याचा घोडा. चित्रे खरोखर सुंदर होती. त्यांच्यामागे दोन वर्षांची मेहनत होती. सारे पाहून झाल्यावर आम्ही सहज विचारले, "खेळणाऱ्याने यात करावयाचे काय?" तरुण क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, ते अजून ठरायचं आहे."

हे उत्तर त्या एकट्याचे नव्हे. हौशी खेळकर्त्यांची जी कामे आमच्या पाहण्यात आली, त्यांपैकी पुष्कळांची कथा हीच आहे. पात्रांना नावे मिळतात, कुळे मिळतात, अलंकार मिळतात; खेळ तेवढा मिळत नाही. साधने आज सर्वांच्या हाती आली आहेत. जपानात १९९२ साली आरंभ झालेल्या 'आरपीजी मेकर' मालिकेने संगणकाची भाषा न शिकताही खेळ रचता येतो हे दाखविले. २०१४ पासून 'गोडो'सारखे साधन तर विनामूल्य व सर्वांस खुले झाले. ही मोठी इष्ट गोष्ट होय. परंतु दार उघडताच आत शिरणाऱ्यांपैकी अनेकजण उंबरठ्यावरच रांगोळी घालीत बसले आहेत, आणि घरात पाऊल पडत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आमचा व्यवसाय वकिलीचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशातील अकराव्या नियमान्वये, ज्या वादपत्रातून वादाचे कारणच प्रकट होत नाही, ते न्यायालय फेटाळते. कागद किती स्वच्छ, भाषा किती भारदस्त, याची तेथे चौकशी होत नाही. खेळासही असेच एक कारण लागते. खेळणाऱ्याने काही करावे, त्यास काही अडसर यावा, आणि त्याच्या कृतीने पटावरची स्थिती बदलावी. एवढे असले की खेळ उभा राहिला. हे नसेल तर जे उरते ते चित्रसंग्रह होय. तो मनोहर असेल, पण खेळ नव्हे.

आमच्या वाचकांस याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. दक्षिणेतील अनेक जुन्या देवळांच्या फरशीवर, ओट्यांवर, खांबांच्या पायथ्याशी खेळांचे पट कोरलेले आढळतात. वाघ-बकरीचा पट त्यांतलाच. त्याच्या एका प्रचलित प्रकारात तीन वाघ व पंधरा बकऱ्या असतात. वाघाने उडी मारून बकरी खावी, आणि बकऱ्यांनी मिळून वाघाची वाट बंद करावी. वाघ म्हणजे मोठा खडा, बकरी म्हणजे लहान खडा. त्या खड्यावर पट्टे नाहीत, डोळे नाहीत, मिशा नाहीत. तरीही कोंडला जाऊ लागलेला वाघ खेळणाऱ्यास खराखुरा वाघ वाटतो, कारण त्याचे वाघपण चित्रात नसून नियमात आहे. ज्या अनामिक माणसाने हा खेळ प्रथम रचला, त्याने आधी हस्तिदंताचा वाघ कोरावयास घेतला असता तर तो खेळ आपल्यापर्यंत आला असता काय, याची आम्हांस शंका आहे.

कोणी म्हणेल, हे दगडी पटाचे युग संपले. आता पात्राची मुद्रा हीच खेळाची ओळख होय. तर मग जगातील सर्वांत ओळखीच्या पात्राकडेच पाहू. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोटो यांनी जो सुतार काढला, तोच पुढे मारिओ म्हणून घरोघरी गेला. त्याची टोपी, त्याच्या मिशा, त्याचा खांद्यावरून पट्टे असलेला पोशाख, ही आज जणू राजचिन्हे झाली आहेत. पण ती सौंदर्याच्या हट्टातून निघालेली नाहीत. मोजक्या ठिपक्यांत केस नीट दाखविता येईनात म्हणून टोपी आली. तोंड काढण्यास जागा नव्हती म्हणून नाकाखाली मिशा आल्या. आणि धावताना हात हललेले दिसावेत म्हणून तो पोशाख आला. म्हणजे खेळाने रूपाकडे मागणी केली आणि रूपाने ती पुरविली. रूप आधी सिद्ध होऊन खेळाची वाट पाहत बसले नव्हते.

रूप आधी सिद्ध करण्यात केवळ क्रमाची चूक नाही, प्रत्यक्ष नुकसानही आहे. 'आरपीजी मेकर'च्या अलीकडील आवृत्त्यांत एका पात्रास नुसते चालविण्यास चार दिशा व प्रत्येक दिशेस तीन, अशी बारा चित्रे लागतात. दहा पात्रे काढली की एकशे वीस झाली. मग एके दिवशी खेळकर्त्याच्या ध्यानी येते की या खेळात तिरपे चालता आले पाहिजे. दिशा आठ होतात आणि दुप्पट चित्रे लागतात. पुढे असे दिसते की नायिकेने चालण्यापेक्षा उडी मारणे अधिक योग्य. मग ती सारीच चित्रे निरुपयोगी ठरतात. अशा वेळी मनुष्य काय करतो? तो चित्रे टाकीत नाही. तो नियम टाकतो. दोन वर्षांच्या श्रमांस धक्का लागू नये म्हणून चांगला सुचलेला खेळ बाजूस ठेवला जातो. सजावट अशी मालकीण होऊन बसते.

याच्या उलट उदाहरण 'सेलेस्ट' या खेळाचे. २०१५ साली मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी चार दिवसांत त्याचा पहिला नमुना रचला. त्याचा पडदा १२८ आडव्या व १२८ उभ्या ठिपक्यांचा, रंग १६, आणि नायिका आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनात मावणारी. तिला चेहरा असा जवळजवळ नव्हताच. पण ती उडी मारीत होती, भिंतीस लागून हळू घसरत होती, आणि पडली तर खेळणारा पुन्हा प्रयत्न करीत होता. त्या चार दिवसांच्या बीजातून २०१८ साली पूर्ण खेळ आला. त्यात पात्रांच्या रेखीव मुद्रा आहेत, संवाद आहेत, संगीत आहे. पण त्याहूनही एक न दिसणारी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. नायिकेचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत उडीची कळ दाबली, तर खेळ ती उडी मान्य करतो. खेळणाऱ्यास हे कळतही नाही. त्यास एवढेच वाटते की आपण वेळेवर उडी मारली. ही दया चित्रात काढता येत नाही. दुसरा मनुष्य कोठे चुकतो हे पुनःपुन्हा पाहिल्यावाचून ती सुचतही नाही.

आता दुसरी बाजू न ऐकता निकाल देणे आमच्या धर्मात बसत नाही. चित्राच्या बाजूने पहिला मुद्दा असा की चित्रावाचून लोक जवळ येत नाहीत. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा दोघा अ‍ॅडम्स बंधूंचा खेळ २००६ पासून अक्षरे व चिन्हे यांच्याच रूपात चालत होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची सचित्र आवृत्ती विक्रीस आली आणि ती लाखोंनी खपली. हा पुरावा आम्ही मान्य करतो. पण त्यातच उत्तरही आहे. चित्रांच्या आधी सोळा वर्षे तेथे खेळ होता. चित्रांनी दार मोठे केले, घर मात्र आधीच बांधलेले होते. दुसरा मुद्दा असा की काही खेळ मुळातच चित्रकथेच्या जातीचे असतात. २००४ साली आलेल्या 'रेनपाय' या साधनाने रचलेल्या पुष्कळ कृती तशा आहेत. तेथे वाचणे व निवड करणे हीच खेळणाऱ्याची कृती असते, आणि पात्राची मुद्रा हा तिचा प्राणच असतो. हेही खरे. मात्र तेथेही निवडीने काही बदलले पाहिजे. कोणतेही दार उघडले तरी तीच खोली लागत असेल, तर दारे रंगविण्यात अर्थ नाही.

मग एवढी बुद्धिमान मुले या मोहात का सापडतात? आळसामुळे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आळशी मनुष्य दोन वर्षे चित्रे काढीत नाही. आमच्या मते कारण अधिक नाजूक आहे. चित्र काढणाऱ्याचे असते. ते दाखविले की लोक वाहवा करतात, आणि वाहवा करण्यास त्यांना काही करावे लागत नाही. खेळ मात्र दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. तो हातात घेणारा कंटाळतो, अडखळतो, भलतीच कळ दाबतो, आणि पाच मिनिटांत उठून जातो. ते उठून जाणे समोर बसून पाहण्यास धैर्य लागते. उत्सवातील नाटकाची तालीम टाळून पोशाख व दाढीमिशांच्या निवडीत रमणारे नट आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना नाटकाची आवड नसते असे नाही; त्यांना प्रेक्षकांची भीती असते. परिणाम इतकाच होतो की प्रयोगाच्या रात्री मुकुट झळकतो आणि नटाच्या आधी सूचकाचाच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

म्हणून हौशी खेळकर्त्यांस आमचे सांगणे चित्रे काढू नका असे नाही. आधी एक चौकोन घ्यावा, त्यास हलवावे, त्याच्या वाटेत एक खड्डा ठेवावा, आणि तो खेळ घरातल्या माणसाच्या हाती देऊन स्वतः गप्प बसावे. त्या माणसाने पुन्हा एकदा खेळावयास मागितले, तर मग खुशाल रंग कालवावेत.

हेच आम्ही त्या तरुणास अग्रशाळेत सांगितले. तो मनातून दुखावला असावा, कारण चहा न घेताच उठला. तीन महिन्यांनी तो आमच्या घरी आला. पडद्यावर नायिका नव्हती. एक करडा चौकोन होता आणि काही फळ्या होत्या. आम्ही सात वेळा खड्ड्यात पडलो. तो आमच्या बोटांकडे पाहत होता आणि वहीत काही टिपीत होता. आठव्या खेपेस आम्ही पलीकडे पोहोचलो व पुढचा खड्डा कोठे आहे असे विचारले. पहिल्या चित्रांपैकी निम्मी तरी आता पुन्हा काढावी लागणार, असे तो जाताना म्हणाला. त्याच्या स्वरात खेद होता, पण आता काय काढावयाचे हे त्यास ठाऊक होते.