नव्वदाव्या मिनिटाचा दिवा

राहात्यात नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका लॉजच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, एक पांढरी डबी आहे. दोन डोळे, कोपऱ्यात हिरवा ठिपका, खाली टेस्टचं इवलंसं बटण. मी मॅनेजरना एमसीबी पाडायला लावला.

अंधार झाला म्हणेपर्यंत डोळे उघडले. त्याला दाद नको; पहिल्या मिनिटाला स्वस्तातला दिवाही झगझगतो. नॅशनल बिल्डिंग कोड (2016) अशा आपत्कालीन दिव्याकडून किमान 90 मिनिटं मागतो. शिवाय दिवा किती वॅटचा, यापेक्षा कोडला वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीवर किती उजेड पडतो याची चौकशी असते: 10 लक्स. कलम लिहिणाऱ्याची नजर पावलांवर आहे, हे मला फार आवडतं. इथल्या वायरमनलाही ते कळलेलं दिसतं. दोन्ही डोळे त्यानं पायऱ्यांच्या कडांवर रोखलेत.

"इन्व्हर्टर आहे की आमच्याकडे," मॅनेजर म्हणाले. आहे, पण आगीत वायरच जळाली तर तळमजल्यावरचा इन्व्हर्टर वर काय पाठवणार? या डबीची बॅटरी तिच्या पोटात आहे. तीही लिथियम आयर्न फॉस्फेटची; पत्र्याखालच्या जिन्यात मे महिन्यात लेड-ॲसिड लवकर म्हातारी होते. ज्या तालुक्यात शिर्डीच्या साईबाबांच्या पणत्या पाण्यावर जळाल्याची कथा घरोघरी सांगतात, तिथंही बॅटरीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

दाराच्या पाटीवरचा धावता हिरवा माणूस जपानच्या युकिओ ओता यांचा. मंद उजेडात डोळ्याला लालापेक्षा हिरवा ठळक दिसतो, म्हणून तो हिरवा. पाटीवरचं अक्षर न वाचताही वाट कळते. आंध्रातून रात्री उशिरा आलेल्या, पहाटे काकड आरतीसाठी उतरणाऱ्या भाविकानं हा जिना उजेडात पाहिलेलाच नसतो.

आम्ही पायरीवर चहा घेत बसलो. नव्वदाव्या मिनिटाला उजेड पिवळटला होता, पण पायरीची कड दिसत होती. पसंत! तिसऱ्या मजल्यावरची डबी मात्र मुकी होती. तिची पिन काढून कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. असा दिवा प्लगवर कधीच देऊ नये. कायमची वायर ओढावी.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', द्यावा लागतो. त्याआधी एक संध्याकाळ एमसीबी पाडून घड्याळ लावा. आणि लॉजवर उतरलात तर सामान टाकायच्या आधी जिन्यातला हिरवा ठिपका बघा. नसेल तर काउंटरवर सांगा.