चादरीमागचा माग : घरगुती पुराणवेशाची छायाचित्रे

नवरात्र आले की मोबाइलच्या पडद्यावर घरोघरच्या देव्यांची रांग लागते. पुठ्ठ्याचा मुकुट, भिंतीवर टाचलेली चादर, आईची साडी आणि टायमर लावून ठेवलेला फोन एवढ्या सामग्रीवर मुली लक्ष्मी होतात, मोहिनी होतात, द्रौपदी होतात. 'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' हे दोन इंग्रजी शब्द जपान्यांनी जोडले आणि 'कॉस्प्ले' शब्द तयार झाला. तो आता आपल्याकडच्या मुलींच्याही तोंडी आहे. समीक्षेने मात्र या छायाचित्रांना हौसेच्या खात्यात टाकून दिले आहे. हौस त्यात आहेच. पण चित्र हौशी असले तरी ते चित्रच असते, आणि त्याला चित्राचे प्रश्न विचारता येतात. प्रस्तुत लेखात मी तेच करू पाहते आहे.

पहिला प्रश्न वंशावळीचा. या मुली ज्या देवीचा वेश घेतात ती कुठली? पुराणांतली म्हणावी, तर पुराणांत काठपदराच्या साडीचे वर्णन सापडायचे नाही. ही देवी राजा रविवर्मा यांची आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे रंगवली आणि १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी, सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोचली. रविवर्मांनी पुराणातल्या स्त्रियांना साडी नेसवली, जिवंत माणसे समोर बसवून त्यांचे चेहरे रंगवले. म्हणजे आज ज्याला आपण देवीचे परंपरागत रूप समजतो, त्याच्या मुळाशीही कुणाला तरी वेश देऊन बसवणे हीच क्रिया आहे. मुलगी चादरीपुढे उभी राहते तेव्हा ती चित्राला त्याच्या जन्मस्थळी परत नेत असते.

वंशावळीतला दुसरा पूर्वज तर आमच्याच जिल्ह्यातला. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आधी छायाचित्रकार होते. रविवर्मांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले होते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हा एका अर्थी घरगुती पुराणवेशच होता. रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसले. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक करीत, कोऱ्या फिल्मला भोके पाडीत, आणि उन्हाचा उजेड नटांवर परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत असे सांगितले जाते. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी आणखी एक गोष्ट केली. चित्रपटाच्या आरंभी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी स्वतः म्हणूनच पडद्यावर येते, चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. आधी मुलगी दाखवायची, मग देव दाखवायचा. प्रेक्षकाने दोघांनाही ओळखावे ही त्यात अपेक्षा आहे. सोंगाच्या या प्रामाणिकपणाकडे मी पुन्हा येणार आहे.

स्वतःच वेश घेऊन स्वतःचेच छायाचित्र काढणे हेही नवे नाही. फ्रान्समध्ये इपोलित बायार याने १८४० सालीच बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला होता. आपल्याकडे बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी २००० नंतरच्या मालिकेत रविवर्मांची लक्ष्मी स्वतःच्या देहावर उभी केली. मागचा रंगवलेला पडदा हा पडदा म्हणूनच दिसावा, याची त्यांनी काळजी घेतली. २०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तूंनी प्रसिद्ध चित्रे पुन्हा उभी करायला सांगितले, तेव्हा जगभरची माणसे परकर, उशा आणि भांडी घेऊन कामाला लागली होती.

आता एक चित्र जवळून पाहू. ते येवल्यातले, माझ्या भाचीने गेल्या नवरात्रात काढलेले. ती विणकराच्या घरातली. त्यांच्या घरात सगळ्यात चांगला उजेड पुढच्या खोलीत, कारण तिथे माग आहे आणि जरीचे बारीक काम उजेडाशिवाय होत नाही. म्हणून फोटोही तिथेच. मागावर पांढरी चादर टाकली, ती झाली पार्श्वभूमी. पुठ्ठा, सोनेरी कागद, डिंक आणि कापडी कमळे यांचा सगळा खर्च २८० रुपये. स्टुलावर पुस्तकांची चळत, त्यावर फोन, दहा सेकंदांचा टायमर. धाकटा भाऊ थर्माकोलचा पत्रा धरून तिच्या तोंडावर उजेड पाडत होता. सरस्वतीबाईंच्या चादरींची त्याला काही माहिती नव्हती. लक्ष्मीला हात चार. म्हणून थोरली बहीण तिच्या पाठीशी लपून दोन हात वर करून उभी. साडी आईची, यंत्रमागावरची सेमी पैठणी. घरच्या मागावर खरी पैठणी चढलेली होती, पण ती गिऱ्हाइकाची. घरात नेसायला तशी पैठणी कुणाकडेच नाही.

येवल्यात पैठणी पारखायची एक सोपी रीत आहे: पदर उलटून पाहायचा. हातमागावर मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी गुंतवून फिरवतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रमागाच्या नक्कलेत मागच्या बाजूला धाग्यांची लोंबती जाळी किंवा कापलेली टोके असतात. मला वाटते, घरगुती पुराणवेशाच्या चित्रालाही हीच कसोटी लावावी. समोरून सगळीच चित्रे देखणी असतात. उलटून पाहिले की काय दिसते?

भाचीने जो फोटो निवडला त्यात उलटी बाजू पूर्ण झाकलेली आहे. माग चादरीखाली, बहीण पाठीमागे, भाऊ चौकटीबाहेर; आणि फोनच्या फिल्टरने तिचा स्वतःचा सावळा रंगही उजळून टाकलेला. धनाच्या देवीचे चित्र काढण्यासाठी घरातले धन जिथे तयार होते तेच यंत्र झाकावे लागले. पण तिने टाकून दिलेल्या फोटोंत एक असा होता की त्यात चादर एका बाजूने घसरली आहे, मागाची लाकडी चौकट आणि ताणलेले उभे धागे दिसतात, बहिणीचा अर्धा चेहरा खांद्यावरून डोकावतो आहे. माझ्या मते तेच चित्र श्रेष्ठ. त्यात देवीही आहे आणि देवी घडवणारे घरही आहे. मंदाकिनीचा चेहरा आधी दाखवणाऱ्या फाळक्यांना ते आवडले असते.

रंगाचा मुद्दा इथेच संपत नाही. देवी गोरीच असते हे तिला कॅलेंडरने शिकवले; नाशिकच्या मंदिरातला राम काळ्या पाषाणाचा आहे, म्हणूनच तो काळाराम. त्याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यातच त्यांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. या गावात देवाचे रूप अंगावर घेणे ही सगळ्यांसाठी सारखीच निरागस गोष्ट असू शकत नाही. देवरूप कोणी घ्यावे, कोणाला घेऊ दिले गेले, आणि कोणाला ते नकोच आहे, हे प्रश्न चादरीच्या मागेच उभे असतात. भाचीच्या एका मैत्रिणीने त्याच चादरीपुढे सावित्रीबाई फुल्यांचा वेश केला. तिला मुकुट लागला नाही. एक पुस्तक आणि साडीचा डोक्यावरून घेतलेला पदर पुरला. दोन्ही फोटोंत थर्माकोल धरणारा मुलगा एकच होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

लोकपरंपरेला या गुंत्याची जाण होती. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या बोहाड्यात ठरावीक सोंग ठरावीक घराकडे चालत येते. मुखवट्याखाली कोण नाचतो आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि तरीही त्याला मान देवाचाच मिळतो. माणूस ओळखू आला म्हणून देव उणा होत नाही. मोबाइलच्या चित्रांतून नेमकी हीच ओळख पुसली जाते, कारण ते चित्र पाहणाऱ्याला ना घर ठाऊक असते ना गाव.

यंदा भाची सप्तशृंगीचा विचार करते आहे. वणीच्या गडावरची देवी अठरा हातांची. एवढे हात कुठून आणायचे, असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले, गल्लीतल्या सगळ्यांना बोलाव. फक्त चादर लावू नकोस, आणि फोटोखाली सगळ्यांची नावे लिही.