कथेतलं गाव आणि प्रबंधातलं ‘अभ्यासक्षेत्र’

संशोधनाचे आराखडे वाचताना मला सगळ्यात निर्जीव वाटणारा भाग म्हणजे ‘अभ्यासक्षेत्र’. अक्षांश, रेखांश, सरासरी पाऊस, लोकसंख्या आणि शेवटी एक नकाशा. पुढच्या कुठल्याच प्रकरणात यातलं काही परत येत नाही. तो भाग काढून टाकला तरी प्रबंधाचं काही अडत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रामीण कथांचंही असंच होतं. म्हणून आज नेहमीचा विषय सोडून कादंबऱ्यांबद्दल लिहितेय. स्थळ वापरायचं म्हणजे काय, हे मला तरी पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा कादंबऱ्यांतून जास्त कळलं.

गाव बदलून बघा

एक सोपी चाचणी सांगते. कथा उचला आणि दुसऱ्या गावात नेऊन ठेवा. काहीच मोडलं नाही, तर लेखकाने स्थळ वापरलेलं नाही, फक्त मागे टांगलेलं आहे.

विदर्भावरची नेहमीची कथा आठवा. रखरखीत ऊन, भेगाळलेली जमीन, पारावरचा लिंब, सावकाराची वही आणि शेवटी दोर. ही कथा मराठवाड्यात न्या, बुंदेलखंडात न्या, एक वाक्यही बदलावं लागणार नाही. यात दुःख खोटं नसतं. पण ते दुःख याच जागी, याच माणसाला, याच वर्षी का झालं, याचं उत्तर कथेत नसतं.

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. वाडीचं वर्णन आहे, पण ते मास्तरला गरज पडेल तसं येतं. मुलं शाळेत का येत नाहीत हे त्याला कळायला हवं, म्हणून मेंढरं येतात. शेकूकडे बैलाची जोडी नाही, म्हणून त्याची बायको जुवाला खांदा लावते. तिथे गरिबीवर वेगळं भाष्य करायची गरजच उरत नाही. नांगरट पावसाआधी व्हायलाच हवी, एवढी एक अट पुरेशी आहे. शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढरं घेऊन माणसं वाडी सोडतात. ही गोष्ट कोकणात नेली तर दुसऱ्याच पानावर कोसळेल.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडातली. इथे निसर्गवर्णन शोधायला गेलात तर फार हाती लागणार नाही. स्थळ आहे ते बोलीत आणि रोजच्या हिशोबात: कौतिकला आज काम मिळालं का, किती मजुरी मिळाली, त्यात घरात काय शिजलं. नवरा महादेव शिंपी, पण घराला त्याचा आधार नाही, पुढे त्याला महारोग होतो. तरी कौतिकला थांबायची मुभा नाही. वाचकाला धग लागते ती या थांबता न येण्याची, उन्हाची नव्हे. संवाद प्रमाण मराठीत करून बघा. अर्थ राहील, पण बाई उरणार नाही.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ची (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) ताकद अशी की तिथे शेत बाजारापासून वेगळं राहत नाही. शिकलेला एकनाथ नोकरी नाही म्हणून शेतीत अडकलाय, आणि शेती म्हणजे त्याच्यासाठी भाव, कर्ज आणि घरातली भांडणं. मात्र काही ठिकाणी पात्रं शेतीप्रश्नावर बोलायला लागली की लेख वाचल्यासारखं वाटतं. स्थळाने करायचं काम तिथे भाषणाने केलंय. एवढ्या चांगल्या कादंबरीतही हा मोह सुटत नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

मुकुटबनचं उदाहरण

आता ही चाचणी एका खऱ्या गावावर लावू. मुकुटबन यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात आहे. इथे जमिनीच्या पोटात चुनखडक आहे आणि आसपास कोळसा. वर कापसाची काळी माती. चुनखडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा, कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा आणि काळी माती ज्यापासून बनली तो बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. ही नुसती भूगोलाची माहिती झाली. कथेला तिचा उपयोग कधी? चुनखडक आहे म्हणून २०२२ मध्ये इथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि कोळसा आहे म्हणून खाणी आल्या. आता एकाच घरातला एक मुलगा कंत्राटी कामावर जातो, आणि त्याच दिवसांत कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत. खडकापासून घरातल्या वादापर्यंत सलग धागा लागला. स्थळ वापरणं म्हणतात ते हे.

दुसरा धागा नदीचा. दक्षिणेला पैनगंगा आहे आणि पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. दोन्हीकडे कापूस, माती सारखी, पाऊस जवळपास सारखा. २०१८ मध्ये पलीकडच्या शेतकऱ्याला ‘रयतू बंधू’ योजनेत दर हंगामाला एकरी ४ हजार रुपये मिळायला लागले, अलीकडच्याला ती योजना नव्हती. बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी, अशा परिस्थितीला आपण ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतो. कथाकारासाठी हीच दोन व्याह्यांची गोष्ट आहे. एकाचं शेत अलीकडे, दुसऱ्याचं पलीकडे. बोलण्यात वऱ्हाडी आणि तेलुगू मिसळलेली. बियाण्याच्या दिवसांत कोण कोणाकडे उसने मागायला जाईल, हे नदीने ठरवलंय.

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘स्थळ’ सगळ्यांसाठी एकच नसतं. ही मदत जमीन नावावर असणाऱ्यांना होती, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला नव्हती. याच तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. पोडावरच्या बाईसाठी तीच नदी, तोच कारखाना, तोच हंगाम वेगळा असतो. ‘मुकुटबनचे लोक असे असतात’ असं वाक्य कथेत आलं की पात्र मरतं, आणि प्रबंधात आलं की नमुनानिवड संशयास्पद होते.

हे एवढं महत्त्वाचं का?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ‘अडाणी मजूर, निष्काळजीपणा’ ही कथा लगेच तयार झाली. ती कुठल्याही गावात बसते, म्हणूनच ती अपुरी आहे. त्यावेळच्या बातम्यांत आणखी काही तपशील होते: त्या हंगामात पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, काही ठिकाणी डोक्याच्या वर. हवा दमट होती. औषधं एकत्र मिसळली जात होती, जास्त दाबाचे पंप आले होते. कमरेएवढ्या पिकावर खाली पडणारा फवारा उंच पिकात तोंडावर येतो. पिकाची उंची हा वर्णनाचा तपशील वाटतो, पण तो कारणाचा भाग आहे. तो गाळला की दोष आपोआप मेलेल्या माणसावर जातो.

म्हणून ‘अभ्यासक्षेत्र’ लिहिताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: यामुळे इथल्या माणसाला काय करता येतं, आणि काय करता येत नाही? उत्तर नसेल तर ओळ काढा. उत्तर असेल तर ती पुढे विश्लेषणात परत आली पाहिजे. शेकूच्या बायकोच्या खांद्यावरचं जू ‘बनगरवाडी’त का आहे, हे माडगूळकरांना विचारावं लागत नाही. तुमच्या आराखड्यातला पावसाचा तक्ता तिथे का आहे, हे मात्र मुलाखतीत तुम्हाला नक्की विचारतील.