'बनगरवाडी'तील एकाकीपण : एका निबंधाची सिद्धता

'कादंबरीतील एकाकीपण' हा विषय वरच्या वर्गांत निबंधासाठी दिला, की हाती येणाऱ्या उत्तरांचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. आरंभी 'मनुष्य हा समाजशील प्राणी आहे' हे वाक्य. मग कादंबरीतील एकाकी पात्रांची यादी. प्रत्येक पात्रास एक परिच्छेद. आणि शेवटी माणसाने माणसाशी प्रेमाने वागावे असा उपदेश. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. असे निबंध आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले आहेत. त्यांना गुणही आम्हीच दिले आहेत.

एका वर्षी व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'वर हाच विषय आम्ही दिला होता. एका विद्यार्थ्याने यादी केलीच नाही. त्याने लिहिले होते की, मास्तर वाडीत नवा असतो तेव्हा तो फारसा एकाकी नसतो. वाडी आपली झाल्यावर तो खरा एकाकी होतो. ते वाक्य आम्हांस उलटे वाटले. समासात तांबड्या पेन्सिलीने 'विषयांतर' असा शेरा मारून आम्ही पुढे गेलो. काही वर्षांनी, परीक्षेचा संबंध नसताना, आम्ही ती कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा तो शेरा आम्हांस बोचू लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याची दुरुस्ती आहे. असा निबंध कसा योजावा व कसा लिहावा, याचा विचार आम्ही त्या एका कादंबरीच्या आधारे करणार आहोत.

निबंधाच्या सिद्धतेत पहिले काम शब्द नीट पारखून घेण्याचे. आपल्या भाषेने या बाबतीत आपल्यावर उपकार केले आहेत. एकटेपण, एकांत आणि एकाकीपण हे तीन शब्द तिने वेगळे ठेवले आहेत. एकटेपण ही नुसती मोजदाद आहे; खोलीत एकच माणूस असला की तो एकटा. एकांत माणूस स्वतः होऊन पत्करतो. संतांनी तो मागून घेतला आहे. एकाकीपण या दोहोंहून निराळे. जेथे नाते असावयास हवे तेथे ते नाही, किंवा होते ते तुटले, याची जाणीव म्हणजे एकाकीपण. म्हणून त्याचा विचार एकट्या पात्राकडे पाहून पुरा होत नाही. त्या पात्राची कोणाशी गाठ होती, हे पाहावे लागते. हा भेद ध्यानात आला की पात्रांच्या यादीचा मोह आपोआप सुटतो.

दुसरे काम पुरावा शोधण्याचे. येथे विद्यार्थी अडतो, कारण तो 'एकाकी', 'उदास', 'खिन्न' असे शब्द पुस्तकात शोधू लागतो. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत निवेदक स्वतः मास्तरच आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहान वाडीत नेमणूक होऊन येतो. तो आपल्या मनाविषयी फार थोडे बोलतो. वाट, माळ, मेंढरे, माणसे यांविषयी मात्र भरभरून सांगतो. ज्या कादंबरीत भावनेचे नाव घेतले जात नाही, तेथे ती घटनांत शोधावी लागते. आम्ही विद्यार्थ्यांस आता सांगतो की, प्रथम वहीच्या पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे काय घडले ते लिहा आणि उजवीकडे त्यामुळे कोण कोणाच्या जवळ आले वा दूर गेले ते लिहा.

असे केल्यावर काय दिसते? मास्तर येतो तेव्हा शाळा आहे, पण शाळेत मुले नाहीत. ती मेंढरांमागे रानात आहेत. येथे मास्तर एकटा आहे यात शंका नाही. परंतु त्याचे वाडीशी अजून काही नातेच नाही, म्हणून तुटण्यासारखेही काही नाही. त्याच्या मनात कुतूहल आहे, थोडी भीती आहे, नोकरीची काळजी आहे. पुढे वृद्ध कारभाऱ्याच्या आधाराने शाळेत पोरे येऊ लागतात. वाडीची लहानमोठी कामे मास्तराकडे येतात. आयबू त्याला जीव लावतो. चोर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते तो आनंदा रामोशीही त्याच्या ओळखीचा होतो. मग सारी वाडी राबून तालीम उभी करते आणि तिच्यासाठी स्वतः राजेसाहेब वाडीत येतात. उजवीकडचा रकाना 'जवळ आले' या नोंदींनी भरत जातो.

परंतु याच भागात एक प्रसंग असा आहे की, ज्यावर आम्ही निबंधाचा मध्य उभारू. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरास चोळीचे काम सांगते आणि त्यावरून कारभारी भलताच अर्थ काढतो. ज्या माणसाने मास्तरास वाडीत रुजविले तोच दुरावतो. मास्तराने एकाकीपणाची पहिली खरी चव घेतली ती येथे. वाडीच्या पहिल्या दिवशी नव्हे. कारण आता गमावण्याजोगे काही त्याच्यापाशी आहे. पहिल्या दिवशी कोणी बोलले नसते तरी त्याचे काही बिघडले नसते. आता एका म्हाताऱ्याचे अबोलणेही जड होते.

शेवटी दुष्काळ येतो. पाऊस नाही, चारा नाही, मेंढरे मरतात. माणसे जगण्यासाठी वाडी सोडून जातात. पुन्हा एकदा शाळा आहे आणि मुले नाहीत. आरंभाचे आणि अखेरचे चित्र बाहेरून सारखेच आहे, आणि निबंधाचा कस येथेच लागतो. पहिल्या रिकाम्या शाळेत कोणाचीच उणीव नव्हती. दुसऱ्या रिकाम्या शाळेत प्रत्येक जागा कोणाची होती हे मास्तरास ठाऊक आहे. आमच्या विद्यार्थ्याने एका वाक्यात हेच सांगितले होते.

तिसरे काम विषयाचे प्रश्नात रूपांतर करण्याचे. 'बनगरवाडीतील एकाकीपण' हा विषय झाला. त्यावर माहिती लिहिता येते, निबंध लिहिता येत नाही. 'पहिल्या रिकाम्या शाळेपेक्षा शेवटची रिकामी शाळा अधिक रिकामी का वाटते?' हा प्रश्न झाला. प्रश्न सापडला की मांडणीचा क्रमही सापडतो. परिच्छेद पात्रांप्रमाणे न पाडता बदलाच्या टप्प्यांप्रमाणे पाडावेत : नाते नसणे, नाते जुळणे, नात्याला तडा जाणे, नाते सांभाळणारी वस्तीच नाहीशी होणे. प्रत्येक टप्प्यास एकच प्रसंग घ्यावा, पण तो बारकाईने वाचावा. दहा प्रसंगांचा उल्लेख करणारा निबंध बहुधा एकही प्रसंग वाचीत नाही.

चौथे काम, ज्याकडे आपण शिक्षक सर्वांत अधिक दुर्लक्ष करतो, ते विरुद्ध पुराव्याचे. आपल्या मताविरुद्ध जाणारे कादंबरीत काय आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःस विचारले पाहिजे. येथे शेकूचा प्रसंग पुढे येतो. बैलाच्या जागी त्याची बायको औताला खांदा देते. यास एकाकीपण म्हणावे काय? गरिबीने त्या दोघांस जगापासून तोडले आहे, असे कोणी म्हणेल. पण औताच्या त्या जूखाली ती दोघे जितकी जवळ आहेत तितकी क्वचितच कोणी असतील. दारिद्र्य आणि एकाकीपण ही एकच नव्हेत. हा प्रसंग टाळण्यापेक्षा तो घेऊन आपल्या विधानाची मर्यादा सांगणे हेच निबंधाचे बळ.

तुलना करावयाची असेल तर ती थोडक्यात करावी. 1963 साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात मुलांच्या गराड्यात असूनही एकाकी आहे, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर ते एकाकीपण त्यास कोणापुढे मांडताही येत नाही. तेथे माणसे आहेत, पण आतून दोर तुटला आहे; बनगरवाडीत दोर शाबूत आहे, पण माणसेच हलली आहेत. एवढा भेद दाखविला की तुलनेचे काम झाले.

समारोपात उपदेश नको. आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे परत यावे आणि त्याचे उत्तर आता किती पुढे गेले ते सांगावे. उताऱ्यांचा भारही नको. ज्या वाक्याविषयी आपणास काही म्हणावयाचे आहे तेवढेच उद्धृत करावे.

हे सारे केवळ गुणांसाठी आहे, असे आम्हांस वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी वस्त्यांतील शाळांत आपण शिकवितो. मराठीच्या वर्गातील बाके एकेक करून मोकळी होताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. बनगरवाडीतील शेवटची शाळा आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही वर्गात आपण मुलांस 'समाजशील प्राणी' लिहून देतो, आणि जे आपणांस आतून माहीत आहे ते पुस्तकात शोधावयास सांगत नाही. त्यांना ते सापडते तेव्हा आपल्या हातातील तांबडी पेन्सिल आड येते.

तो विद्यार्थी आता कोठे आहे, ते आम्हांस माहीत नाही. त्याची उत्तरपत्रिकाही रद्दीत गेली असेल. मात्र त्या वर्षानंतर 'विषयांतर' हा शेरा लिहिण्यापूर्वी ते वाक्य आम्ही दुसऱ्यांदा वाचतो.