वायूचा वेगवान झोत आणि गाउसी सूत्र : एक परीक्षण

दाबाखालील वायू छिद्रातून सुटल्यास तो हवेत किती दूरवर व किती संहतीने पसरेल, हे वर्तविण्यासाठी आजही पुष्कळ ठिकाणी गाउसी सूत्राचा आश्रय घेतला जातो. पास्क्विल यांनी १९६१ साली वातावरणाच्या स्थिरतेचे ए ते एफ असे सहा वर्ग कल्पून या सूत्रास व्यवहारोपयोगी रूप दिले. त्या कार्याची थोरवी वादातीत आहे. वाद आहे तो सूत्राच्या अधिकारक्षेत्राविषयी.

या पद्धतीस ज्या मोजमापांचा आधार लाभला, त्यांत नेब्रास्कातील सपाट गवताळ भूमीवर १९५६ साली झालेले प्रयोग प्रमुख होत. तेथे सल्फर डायऑक्साइड जमिनीलगत सोडून ५० ते ८०० मीटर अंतरांवर त्याची संहती मोजली गेली. वायूस स्वतःची अशी गती जवळजवळ नव्हती. त्यास वाहून नेण्याचे व विरळ करण्याचे काम सर्वस्वी वाऱ्याचे होते. वेगवान झोताची गोष्ट निराळी. मिथेनचा दाब बाहेरील दाबाच्या सुमारे १.८४ पटींहून अधिक झाला की तो छिद्राशी ध्वनिवेगाने, म्हणजे सेकंदाला ४०० मीटरांहून अधिक वेगाने, बाहेर पडतो. असा झोत आपल्या संवेगाच्या बळावर भोवतीची हवा ओढून घेतो आणि स्वतःच विरळ होतो. वाऱ्याची त्यास प्रतीक्षा नसते. (योगायोग असा की, झोत किती हवा ओढतो याची रिकू व स्पॉल्डिंग यांची मोजमापेही १९६१ चीच.)

उदाहरणार्थ, ५० बार दाबाच्या नळातील २० मिलिमीटर व्यासाचे छिद्र घेऊ. त्यातून सेकंदास सुमारे २.७ किलोग्रॅम मिथेन सुटेल. डी वर्ग व सेकंदास ५ मीटर वारा धरून गाउसी सूत्र एक मीटर अंतरापर्यंत ताणले, तर तेथील संहती शुद्ध वायूच्या पंचवीसपट निघते! हा दोष सूत्राचा नव्हे, ते नको तेथे वापरणाऱ्याचा होय. शांत रात्री, एफ वर्गात, हेच सूत्र पाच टक्क्यांची ज्वलनमर्यादा शंभर मीटरांपलीकडे नेते; निर्वेध झोताचे गणित मात्र ती सुमारे १५ मीटरांवर ठेवते.

यावर असे म्हटले जाते की, अधिक अंतर दाखविणारे सूत्र सुरक्षिततेच्या बाजूचेच आहे. प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद मान्य नाही. झोताची दिशा वाऱ्याच्या विरुद्ध असू शकते, आणि सूत्र त्या बाजूस शून्य धोका दाखविते. शिवाय झोत भिंतीवर वा यंत्रांवर आदळला की त्याचा संवेग हरपतो आणि वायू तेथेच साचतो. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी तात्पुरता बसविलेला नळ फुटून तप्त सायक्लोहेक्झेन दाबाने बाहेर पडले. यंत्रांच्या दाटीत त्याचा ढग झाला, पेटला, आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. सपाट गवताळ भूमीवरील वक्र तेथे काय सांगणार? आणखी एक त्रुटी अशी की, सूत्रातील संहती ही काही मिनिटांची सरासरी असते. ठिणगीस तर क्षणाची संहती पुरते.

म्हणून गणना दोन टप्प्यांत व्हावयास हवी. झोताचा वेग वाऱ्याच्या वेगाइतका उतरेपर्यंत संवेगाचे समीकरण वापरावे. त्यापुढे, घनतेतील फरक नगण्य असल्यासच, गाउसी सूत्र लावावे, आणि त्याचा उगमबिंदू छिद्राशी न धरता तेथील झोताच्या रुंदीवरून ठरवावा.