नागवंशाचे हास्य

थोर वंशाचा अभिमान सांगणारा मनुष्य सहसा हसत नाही. वंशावळ वाचू लागला की त्याचा आवाज जड होतो. बस्तरच्या छिंदक राजांनी ११व्या शतकापासून आपल्या शिलालेखांत स्वतःस नागवंशात जन्मलेले व भोगावती नगरीचे स्वामी म्हणविले आहे. त्यात विनोदास कोठेही जागा नाही, आणि राजशासनात ती असावी अशी कोणी अपेक्षाही करू नये. परंतु त्याच बस्तरच्या रानात नागाशी नाते सांगणारे दुसरेही लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हा सुशिक्षितांचा जो ग्रह झालेला आहे तो तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सूरजागडच्या पूर्वेकडे अबूझमाडाचे डोंगर ओलांडले म्हणजे मुरिया गोंडांचा प्रदेश लागतो. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या मुरिया व त्यांचे घोटुल यांवरील ग्रंथात या लोकांचे नाग, कासव, बकरा, वाघ व मासा असे पाच वंश दिले आहेत. येथे नागवंश म्हणजे सिंहासनावरील हक्काचा दाखला नव्हे. सोयरीक कोणाशी जमते आणि कोणाशी जमत नाही, याचा तो हिशेब आहे. एका वंशाचे ते भाऊबंद, ‘दादाभाई’. ज्यांच्याशी लग्नसंबंध होतो ते ‘अकोमामा’. थट्टामस्करीचेही असेच नियम ठरलेले आहेत. धाकटा दीर व भावजय, मेहुणा व मेहुणी, आजा व नातवंडे यांनी एकमेकांची खुशाल टर उडवावी; थोरल्या दिरासमोर मात्र भावजयीने तोंडातून शब्द काढू नये. आमच्या घरांतील विहिणींची गाणी व उखाणे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांस यात परके असे काहीच वाटणार नाही.

घोटुलाविषयी तर वाचकवर्गाने मोठाच अन्याय केला आहे. तरुण मुलामुलींचे ते रात्रीचे वसतिस्थान, एवढीच गोष्ट लक्षात ठेवून कोणी नाके मुरडली, कोणी उसासे टाकले. त्याच पुस्तकात असे नमूद आहे की, घोटुलात प्रवेश केलेल्या मुलास नवे नाव मिळते, आणि त्या नावांत दिवाण, तहसीलदार, कोतवाल असे दरबारी हुद्दे आढळतात. ज्या तहसीलदाराच्या नावाने वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा यावा, त्याचा हुद्दा पोराने मिरवावा आणि सरपण आणण्यावरून सोबत्यांस दंड करावा, यातील मिस्कीलपणा ओळखण्यास पांडित्य लागत नाही. एल्विन यांच्या लेखणीलाही रम्यतेचा मोह आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांनी टिपलेले हसणे वाचकांनी गाळले, हा दोष त्यांचा नव्हे. सूरजागडकडील माडियांचा गोटुल मुरियांहून वेगळा, हेही येथे सांगितले पाहिजे; एकाचे वर्णन दुसऱ्यावर लादणे हा आळशी टीकाकाराचा मार्ग होय.

हे गाळणे आमच्या हातूनही घडले आहे. गोंडांची लिंगोकथा हिस्लॉप यांनी एका परधानाकडून मिळविली व ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली छापली गेली. पुढे १८७१ साली फोर्साइथ यांनी तिचे इंग्रजी पद्य केले, ते लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर. त्या छंदाच्या संथ ठेक्यावर सारी कथा धीरगंभीर झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही ती वर्गात त्याच स्वरात समजावून देत होतो. विस्तव मिळविण्यासाठी लिंगो रिकाड गवाडी नावाच्या अक्राळविक्राळ म्हाताऱ्याकडे जातो, पिंपळावर बसून भोपळ्याचे वाद्य वाजवितो, आणि माणसे खाणारा तो म्हातारा बायकोसह नाचू लागतो, असा प्रसंग होता. मागच्या बाकावरील एक माडिया विद्यार्थी हसला. आम्ही त्यास खडसावून कारण विचारले. तो उभा राहून म्हणाला, “सर, म्हातारा नाचतो आहे. इथे हसायचे नाही, तर मग कुठे?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून ती कथा आम्ही निराळ्या रीतीने वाचतो. तीत लिंगो भवरनागास मारून त्याचे सात तुकडे करतो. आणि नागाचा असा निकाल लावणाऱ्या या गोंडांतच एक नागवंशही सुखाने नांदतो. पूर्वजाच्या गौरवासाठी कथेत फेरफार करावा, असे कोणास वाटलेले दिसत नाही. तीतच भाऊ लिंगोचा वध करतात आणि त्याच्या डोळ्यांच्या गोट्या करून खेळतात. हे हास्य गोडगुलाबी नाही. एल्विन यांनीच १९४३ साली शेजारच्या माडियांतील खून व आत्महत्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. ‘वनवासी सदा आनंदी’ असे म्हणणाऱ्याने तोही वाचावा. हसणारा मनुष्य निश्चिंत असतो, हा समज आमच्या आळसातून निघालेला आहे.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा असता, तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे आणि तेथेच परिसरातील गावांचा ठाकूरदेव आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते. २००७ साली या डोंगरावर खाणीचा पट्टा देण्यात आला, गावांनी देवस्थानाच्या व रानाच्या नावाने विरोध केला, आणि २०२१ सालापासून उत्खनन जोमाने सुरू झाले. त्या वादात जो माडिया आम्हांस वर्तमानपत्रांत दिसतो, तो एक तर दीन असतो किंवा आडमुठा असतो. खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांस तो अडाणी वाटतो, विरोधकांस तो भोळा वाटतो. आपल्या बुद्धीने तोलून बोलणारा, प्रसंगी समोरच्याची फिरकी घेणारा माणूस म्हणून त्याचे म्हणणे क्वचितच ऐकले जाते. ज्याची थट्टा आपणांस कळत नाही, त्याचा नकार तरी आपणांस नीट कळला आहे काय?

खाण असावी की नसावी, याचा निवाडा वाङ्मयाच्या अध्यापकाने करावयाचा नाही. त्याचे काम वाचावयास शिकविण्याचे. ते आम्ही एकदा चुकलो, आणि आमची चूक मागच्या बाकावरून दुरुस्त झाली. लिंगोकथा आता वर्गात आली म्हणजे आम्ही पिंपळाच्या प्रसंगी थांबतो आणि हसणाऱ्यांस हसू देतो.