खेळांतील कठीणपणा व खेळाडूंची फिर्याद

व्हिडिओ गेम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांविषयीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मत 'मुलांचा वेळ खाणारें एक व्यसन' येथवर येऊन थांबलेलें असेल. आमचेंही परवांपरवांपर्यंत तसेंच होतें. तें बदलण्यास कारण घडलें तें असें. आमचा एक पुतण्या सुटींत आमच्याकडे राहावयास आला असतां 'एल्डन रिंग' नांवाचा जपानी खेळ खेळत असे. त्यांतील एका राक्षसानें त्याला एका रात्रींत तीसचाळीस वेळां तरी ठार केलें. पण पोराच्या कपाळाला आंठी पडली नाहीं. 'काका, चूक माझीच होती,' असें म्हणून तो पुनः उभा राही. दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा 'एक्सकॉम' नांवाचा निराळा खेळ घेऊन बसला. त्यांत नेम लागण्याचा संभव शेंकडा किती, हें गोळी झाडण्यापूर्वींच पडद्यावर दाखवितात. शेंकडा 85 संभव असतां गोळी चुकली मात्र, चिरंजीव संतापून उठले आणि 'ही शुद्ध लबाडी आहे' असें म्हणून जेवावयास निघून गेले! चाळीस मरणें ज्यानें निमूटपणें सोसलीं त्याला एक हुकलेली गोळी सोसवूं नये, हें कोडें आम्हांस सुटेना.

त्या कोड्याच्या नादानें आम्हीं या खेळांविषयीं बरेंच वाचलें व खेळणाऱ्यांचीं भांडणें ऐकलीं. कोणता खेळ कठीण, कोणता अन्यायाचा, कर्त्यानें तो सोपा करून द्यावा कीं नाहीं, यांवरचा त्यांचा वाद ऐकतांना आपल्याकडील काव्यचर्चेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. श्रीहर्षानें नैषधांत जाणूनबुजून गांठी मारून ठेवल्या व तसें स्वतःच सांगितलें. भारवीच्या वाणीला मल्लिनाथानें नारळाची उपमा दिली. आणि मोरोपंतांच्या कवितेचा कैवार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत किती हिरीरीनें घेतला, हें सर्वश्रुतच आहे. कठीणपणा हा गुण कीं दोष, हा वाद जुना. फरक एवढाच कीं, श्लोक अडला तर वाचक तो टाकून पुढें जाऊं शकतो. खेळ अडला म्हणजे पुढचें पान उलटतच नाहीं. पैसे मोजून आणलेल्या ग्रंथाचा उत्तरार्ध कुलुपांत! तेव्हां येथील तक्रार अधिक तिखट असावी, यांत नवल नाहीं.

या वादाच्या मध्यभागीं टोकियो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर ही संस्था व तिचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी हे आहेत. 2009 सालीं 'डीमन्स सोल्स', 2011 सालीं 'डार्क सोल्स', 2019 सालीं 'सेकिरो' व 2022 सालीं 'एल्डन रिंग' असे त्यांचे खेळ निघाले. इतर खेळांत आरंभींच सोपा, मध्यम, कठीण अशी निवड करावयास मिळते. यांत ती नाहीं. राक्षसाची एखादुसरी चपेट खेळाडूला पुरते. यांपैकीं बहुतेकांत मरतांच त्याचें सांचविलेलें धन मेल्या जागीं पडतें, आणि तें उचलण्यापूर्वीं तो दुसऱ्यांदा मेला तर कायमचें जातें. शिक्षा कडक खरी. परंतु कायदा मात्र लपविलेला नाहीं. प्रत्येक घावापूर्वीं शत्रूचा खांदा वळतो, तलवार मागें जाते, क्षणभर थांबते. तो क्षण ज्यानें ओळखला तो वांचला. बहुतेक खेळांत पूर्वीं त्याच जागीं मेलेल्या इतर खेळाडूंच्या खुणा जमिनीवर असतात व त्यांनीं लिहून ठेवलेल्या सूचनाही सांपडतात. एल्डन रिंगमध्यें तर एक शत्रू आवरेना, तर त्याला तसाच सोडून दुसऱ्या रानांत जावें, बळ वाढवून परत यावें, हवें तर मदतीला कोणास बोलवावें, अशी मुभा आहे. पुतण्याचें 'चूक माझीच' हें उद्गार आम्हांस आतां समजले. पराभवांत त्याला स्वतःची चूक दिसत होती. चुकलेल्या गोळींत ती दिसेना, कारण तेथें त्याची चूक नव्हतीच.

आणि तरी ती गोळी खोटी होती असें नाहीं. शंभरांत पंधरा चुकावयाच्या, त्यांतलीच ती एक. या प्रकाराचा उलगडा अमेरिकन खेळकर्ते सिड मायर यांनीं 2010 सालच्या एका व्याख्यानांत मोठ्या गमतीनें केला. त्यांच्या 'सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन' या खेळांत दोन सैन्यें भिडण्यापूर्वीं बळाचें प्रमाण दाखवीत. तीनास एक असें बळ आपल्या बाजूस असतां चारांतून एकदां हार व्हावयाची, हें साधें गणित. पण तशी हार होतांच खेळाडू अन्याय म्हणून ओरडत. स्वतः एकास तीन असतां जिंकले, तर मात्र कोणी तक्रार करीत नसे! लागोपाठ दोनदां हार झाली म्हणजे फासे खोटे आहेत अशी त्यांची खात्रीच होई. शेवटीं मायर यांनीं गणित खेळाडूंच्या कलानें वांकविलें. खरे फासे अन्यायाचे वाटले आणि वांकविलेले न्यायाचे! कॅनडांत तयार झालेल्या 'सेलेस्ट' (2018) या खेळांतही असेंच एक गोड कपट आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही अगदीं थोडा वेळ उडी मारतां येते. खेळणाऱ्यास तें कळत नाहीं. आपली उडी वेळेवर पडली, एवढेंच त्याला वाटतें.

यावरून खेळाडूंच्या मताला किंमत देऊं नये असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रोग्याची कळ खरी असते. औषध मात्र त्याला विचारून द्यावयाचें नसतें. 2024 च्या जूनमध्यें एल्डन रिंगची पुरवणी निघाली, आणि या पंथाचे जुने अभिमानीसुद्धां 'हें अति झालें' म्हणूं लागले. संस्थेनें पहिल्यानें, नव्या प्रदेशांत बळ वाढविण्याची निराळी सोय आहे तिचा उपयोग करा, अशी आठवण दिली. मग आठवडा होण्याच्या आंतच त्या सोयीचा आरंभींचा लाभ वाढविला. सप्टेंबरांत शेवटच्या शत्रूचें बळ थोडें कमी केलें. त्या वेळच्या फेरफारांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. त्याच्या घावांबरोबर प्रकाशाचा असा लोळ उठे कीं पुढचा घाव दिसतच नसे. तो नीट दिसावा म्हणून कांहीं दुरुस्ती करण्यांत आली. ओरड चालली होती 'फार कठीण' अशी. खरा दोष होता 'दिसत नाहीं' हा. या दोन तक्रारींतील भेद ज्या कर्त्याला कळला नाहीं, तो चांगला खेळ सोपा करून बिघडवील आणि अन्याय तसाच ठेवील.

कठीणपणाचा एक प्रकार मात्र असा आहे कीं, त्याची बाजू घेण्यास आमची लेखणी तयार नाहीं. हे खेळ प्रथम दुकानांतल्या यंत्रांवर आले तेव्हां दर डावाला नाणें टाकावें लागे. खेळाडू लवकर मरे तों मालकाचें बरें. जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' (1978) मध्यें शत्रू जसजसे मरत तसतसे उरलेले वेगानें धांवत. तें मूळ यंत्राच्या दुबळेपणामुळें घडलें, कारण थोडीं चित्रें काढावयाचीं राहिलीं कीं तें चपळ होई. आणि निशिकादो या कर्त्यानें तो योग रंगतदार म्हणून तसाच ठेवला. हा निष्पाप कठीणपणा. पण 2017 सालीं 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' मध्यें डार्थ व्हेडर हें पात्र मिळविण्यास 60,000 गुण ठेवले होते, आणि त्याच खेळांत बळ वाढविणाऱ्या सोडती पैशानें विकत मिळावयाच्या होत्या. खेळाडू खवळले, तो आंकडा 15,000 वर आला आणि खेळ बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशीं ती विक्रीही तूर्त थांबली. जेथें घाट चढविणाराच डोली भाड्यानें देतो, तेथें घाटाची उंची कोण प्रामाणिकपणें मोजणार?

एवढें सर्व ठरवून, कर्त्यानें प्रामाणिकपणें केलेला कठीणपणा कोणीही मागितला म्हणून सोपा करूं नये, असा निकाल आम्हीं मनाशीं देऊन टाकला होता. सेकिरोच्या वेळीं त्यांत सोपी पायरी असावी कीं नसावी यावर मोठें रण माजलें होतें. आम्ही नकोवाल्यांच्या बाजूचे. सर्वांनीं एकाच भिंतीवर डोकें आपटलें, या भावनेंत एक प्रकारचा बंधुभाव आहे, आणि तो आम्ही अजूनही तुच्छ मानीत नाहीं. परंतु आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरीं भेटावयास आला. जन्मापासून त्याचा उजवा हात कांपतो; आमच्या वर्गांत तो परीक्षेला लेखनिक घेऊन बसत असे. त्याच्यापुढें आम्हीं आमचा सिद्धांत मोठ्या ऐटींत मांडला. तो ऐकून घेऊन म्हणाला, 'सर, मला सोपें नकोच आहे. मला माझ्यापुरतें कठीण पाहिजे आहे.'

आम्ही गप्प बसलों. लेखनिक दिला म्हणून त्याची प्रश्नपत्रिका सोपी झाली, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें; मग येथेंच कां वाटावें? तीस वर्षें प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मनुष्यास हें विद्यार्थ्याकडून शिकावें लागलें. 'द लास्ट ऑफ अस, भाग 2' (2020) मध्यें साठाहून अधिक सोयी अशाच लोकांसाठीं केलेल्या आहेत, आणि त्यामुळें इतरांचा खेळ कोठें बिघडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. सेकिरोविषयीं आमचें मन अजून पुरतें निवळलेलें नाहीं. तेथें वेळ साधणें हाच सगळा अर्थ आहे, व तो वेळ सैल केल्यावर काय उरतें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण तो प्रश्न कर्त्यानें सोडवावयाचा आहे; खेळाडूंच्या अभिमानावर तो सोंपवून चालणार नाहीं.

सेलेस्टमध्यें खेळाचा वेग शंभरापासून पन्नासापर्यंत उतरवितां येतो. आमचा विद्यार्थी तो सत्तरावर ठेवून खेळतो. खेळांत मरणांचा हिशेब राहतो. आपलें मरण किती वेळां झालें तें त्यानें आम्हांस आपणहून उघडून दाखविलें. आंकडा दोन हजारांच्या घरांत होता. वेग वाढवून पाहिला होता का, असें आम्हीं विचारलें.

'काल ऐंशी केला होता, सर,' तो हंसून म्हणाला. 'पहिल्याच कड्यावरून खालीं. आज पुन्हां करणार आहे.'